हसण्याचे स्त्रीधन

वारसा हा शब्द उच्चारला की वकिलाच्या डोळ्यांपुढे प्रथम कागद उभे राहतात. सातबाराचा उतारा, खरेदीखत, मृत्युपत्र, वारसदाखला, आणि या सर्वांच्या तळाशी दोन भावांमधील अबोला. परंतु घराघरांतून पिढ्यानुपिढ्या चालत येणारी एक चीज अशी आहे की तिचा उतारा कोणत्याही कचेरीत मिळत नाही, तिच्यावर मुद्रांक लागत नाही, आणि वाटणी केली असता ती कमी होण्याऐवजी वाढते. ती चीज म्हणजे आईचे हसणे. संसाराच्या धबडग्यात, तेल संपले असता, पाहुणे आले असता, तापाने फणफणलेले मूल मांडीवर असता, आई जे काही बोलते आणि घर ज्यावर हसते, त्या बोलण्याची मालमत्ता कोणाची? मुलांचा तिच्यावर अधिकार कोणत्या प्रकारचा? आणि ती घेतल्याबद्दल काही देणे लागते की नाही? हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटेल. वस्तुतः तो नीतीचा आहे, आणि आमच्या व्यवसायात तो अनेकदा दाव्याचे रूप घेऊन समोर येतो.

आमचा मुक्काम कडोदऱ्यास. सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-दिल्ली महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या चार रस्त्याच्या आसपास कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे कारखाने पसरलेले आहेत. शेजारच्या चलथाणवरून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो, आणि त्या मार्गाने आलेली खानदेशातील कितीतरी कुटुंबे सुरतेपासून येथपर्यंत वस्ती करून आहेत. पुरुष कारखान्यात पाळीवर जातात. स्त्रिया उंबऱ्यात बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या चिकटवतात. श्रावणात कानबाईची स्थापना होते त्या रविवारी याच वस्तीत रोटांचा वास दरवळतो आणि भाऊबंद एकत्र येतात. या उंबऱ्यांवरून जाताना जे हसणे कानी पडते, ते सुखवस्तू घरातील हसण्यापेक्षा उणे नसते. उलट कधी कधी अधिकच खणखणीत असते. आमचे घराणे मूळचे सावंतवाडीकडचे. त्यामुळे घरात मालवणी, दारात अहिराणी आणि बाजारात गुजराती, असा आमच्या कानांचा त्रिवेणी संगम आहे. तीनही भाषांतील आया एकाच तऱ्हेने हसतात, असा आमचा अनुभव आहे. त्या दुसऱ्यावर क्वचित हसतात. बहुधा स्वतःच्या परिस्थितीवर हसतात.

घरचे उदाहरण आधी द्यावे, म्हणजे परक्याच्या घरात डोकावल्याचा दोष लागणार नाही. आमच्या मातोश्रींनी सत्तरी ओलांडली आहे. आम्ही कायद्याची पदवी घेऊन घरी आलो त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांचे अभिनंदन केले, तेव्हा त्या म्हणाल्या, “घरात ह्येचा कोण आयकत नाय, म्हणान हो भायर पैसे घेवन बोलतलो.” वकिलीची याहून नेमकी व्याख्या आम्हांस कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही. कडोदऱ्यापासून समुद्र दूर. परंतु अवचित पाहुणे आले की स्वयंपाकघरातील सोलकढीस भरती येते, हा त्यांचा सिद्धांत. भरतीचे पाणी कोठून येते हे पाहुण्यांस कळत नाही आणि मुलांस कळले तरी बोलायचे नसते, ही त्या सिद्धांताची पुरवणी.

या हसण्याखाली काय दडलेले असते, हे एका कपाच्या कथेवरून उमगेल. मातोश्री अनेक वर्षे कान तुटलेल्या कपातून चहा पीत. कोणी विचारले तर सांगत की, या कपाला कान नाही म्हणून तो तुमची भांडणे ऐकत नाही. मला तोच बरा. घर हसे, आणि कप जेथल्या तेथे राही. पुढे धाकट्या सूनबाईंनी काही न विचारता एक नवा, चांगला धरण्याजोगा कप आणून त्यांच्यापुढे ठेवला. मातोश्रींनी तो तत्काळ उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “आता माका आयकाक येता हां. जपान बोला.” जुना कप त्यांनी त्याच दिवशी तुळशीत माती घालण्यास दिला.

या लहानशा प्रसंगात आमच्या मते सर्व प्रश्न सामावलेला आहे. मातोश्रींस तुटका कप आवडत होता काय? नव्हता. त्यांचा विनोद खोटा होता काय? तोही नव्हता. तुटक्या कपातून चहा पिण्याची पाळी आली असता त्या पाळीस शरण न जाता तिच्यावर स्वार होण्याची ती एक रीत होती. विनोद त्यांचा होता; कप परिस्थितीचा होता. आम्ही पुष्कळदा या दोहोंची गल्लत करतो. आई हसली म्हणजे तिला तुटका कपच हवा आहे, असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. आणि तो निष्कर्ष आपल्या सोयीचा आहे, एवढीच गोष्ट तपासावयाची राहून जाते.

आता कायद्याकडे वळू. आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी स्त्रीधन नावाची एक कल्पना मोठ्या बारकाईने मांडली आहे. विवाहाग्नीसमोर मिळालेले, माहेरच्यांनी मायेने दिलेले, असे जे धन, ते स्त्रीचे. याज्ञवल्क्य स्मृतीत असे सांगितले आहे की, दुष्काळ, आवश्यक धर्मकार्य, आजार आणि अटक या चार प्रसंगी पतीने ते वापरले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्यावरील विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेचा आशय असा की, ही मुभा संकटापुरती आणि पतीपुरतीच आहे. इतर वेळी घेतले तर ते परत केले पाहिजे. आणि इतर नातलगांस, त्यांत पुत्रही आले, त्यावर हात टाकण्याचा अधिकारच नाही. ज्या गुजरातेत आम्ही राहतो तेथे, तसेच मुंबई बेटावर व उत्तर कोकणात, मिताक्षरेबरोबर व्यवहारमयूख या ग्रंथास विशेष मान मिळाला. तो रचणारे नीलकंठ भट्ट सतराव्या शतकातील, काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यातले. त्यांनीही स्त्रीधनाचा विस्ताराने विचार केला आहे.

आमचे म्हणणे इतकेच की, आईचे हसणे हे तिचे स्त्रीधन आहे. ते तिने माहेराहून आणलेले असते, बहुधा तिच्या आईकडून. घरावर दुष्काळ येतो तेव्हा घर त्यातून खर्च करते. आजारपणात खर्च करते. लग्नकार्यात व्याही रुसले असता खर्च करते. नोकरी सुटून घरधनी चार महिने घरी बसला असता, त्याच्या मनाच्या कोंडीत, खर्च करते. स्मृतिकारांनी सांगितलेले चारही प्रसंग झाले. येथवर तक्रार नाही. परंतु संकट सरल्यावरही, केवळ सवय पडली म्हणून, मुले त्यातूनच घेत राहतात. आणि ज्यांस मुळात अधिकार नव्हता तेच सर्वाधिक घेतात. हे घेणे परतफेडीचे आहे, याची आठवण करून देणे हाच या लेखाचा हेतू.

ही आठवण देण्याचे कारण पुस्तकी नाही. एका कुटुंबाची हकीकत अशी. घरधनी कारखान्यात राबून गेला. मागे दोन खोल्यांचे घर, तीन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि विधवा आई. मुलांनी घर विकण्याचे ठरवले. आई उभ्या जन्मात “मला काय करायचे आहे” एवढेच म्हणत आलेली. हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवताना ती म्हणाली की, आजवर या अंगठ्याने पिठाचे गोळे दाबले, आज कागद दाबला. सारेच हसले, मुले हसली, साक्षीदारही हसले. पुढे तिची पाळी लागली: एक महिना थोरल्याकडे, एक मधल्याकडे, एक धाकट्याकडे. मुलगी तिला आमच्याकडे सल्ल्यास घेऊन आली तेव्हा दस्त होऊन बराच काळ लोटला होता. आम्ही विचारपूस केली, तर ही बाई पदर सावरून म्हणते, “मी आता सूर्यनारायण झाले, साहेब. दर महिन्याला घर बदलते. कोणावर संक्रांत बसते एवढेच बघायचे.”

मुलगी रडत होती आणि आई हसत होती. ते हसणे आमच्या ध्यानातून जात नाही. तिचे मुलगे दुष्ट नव्हते. त्यांस विचारले असते तर त्यांनी शपथेवर सांगितले असते की, आईला घर नकोच होते, ती तर हसत हसत सही करून आली. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरेच बोलत होते. दोष असा की, आईच्या हसण्यास त्यांनी संमती मानले. न्यायालयात संमती शाबीत करावी लागते. घरात मात्र ती गृहीत धरली जाते. नोंदलेले हक्कसोडपत्र पुढे रद्द करून घेणे किती दुष्कर असते, हे सांगणे आमच्या वाट्यास आले. निर्वाहाचा हक्क मात्र त्या कागदाने संपत नाही, हेही आम्ही तिला सांगितले. त्यावर तिने विचारले की, मुलावर दावा लावला तर त्या महिन्यात जेवायचे कोठे? याला आमच्याजवळ कलम होते, उत्तर नव्हते.

या विषयावर दोन प्रकारची मते ऐकू येतात आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. पहिले मत जुन्या वळणाच्या मंडळींचे. ते म्हणतात, सोसणे हाच मातेचा अलंकार. ती हसत सोसते म्हणून तर तिची थोरवी. हिशेब मांडून त्या थोरवीस बट्टा लावू नका. दुसरे मत नव्या वळणाचे. ते म्हणते, हे हसणे म्हणजे अन्यायावर टाकलेली चादर आहे. बायका हसणे सोडून भांडतील तेव्हाच त्यांस न्याय मिळेल. पहिल्या मताने हसणारीस देवी करून तिचा वाटा बुडवला. दुसऱ्याने तिला भोळी ठरवून तिचे हसणे बुडवले. आमच्या मते, जी स्त्री स्वतःच्या अडचणीकडे चार पावले दूर उभी राहून पाहू शकते आणि तिला नाव ठेवू शकते, ती त्या अडचणीची दासी नव्हे. विनोदास अंतर लागते, आणि अंतर राखणे हे स्वातंत्र्याचे लक्षण आहे. तिला सर्व दिसत असते; ती हसते ती दिसत नाही म्हणून नव्हे, दिसते म्हणून.

याचा पुरावा मराठी साहित्यात पडलेला आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरात बोलतो तशा मराठीत आपल्या संसाराची हकीकत सांगितली, आणि मराठी गद्यात तिला अढळ स्थान मिळाले. वडिलांचे सोवळ्याचे वेड, कवी नारायण वामन टिळकांचा शीघ्रकोपी व तितकाच उदार स्वभाव, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या अडचणीत जाण्याची रीत, न सांगता घर सोडून निघून जाण्याची सवय, हे सर्व त्यांनी हसत हसत लिहिले. १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केले आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. ती वर्षे या बाईंना किती जड गेली, हेही त्यांनी लपवले नाही. त्यांचे हसणे हिशेब पुसत नाही. उलट हिशेब स्वच्छ अक्षरांत मांडते आणि मग त्याच्याकडे पाहून हसते. वाचक टिळकांवर रागावतो, पुन्हा त्यांच्या प्रेमात पडतो, परंतु बाईंना काय सोसावे लागले हे क्षणभरही विसरत नाही. आईच्या विनोदाची उत्तम जात हीच.

दुसरे उदाहरण तर आमच्या दारातल्या मंडळींच्या मुलखातले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांस अक्षरओळख नव्हती. वयाच्या तिशीत वैधव्य आले, शेत आणि मुले पदरी. दळताना, शेतात राबताना, त्या आपल्या लेवा बोलीत ओव्या रचून म्हणत. गावातल्या माणसांच्या लकबींपासून परमेश्वरापर्यंत कोणीही त्यांच्या मिस्कील नजरेतून सुटले नाही. पुत्र सोपानदेव, जे स्वतः कवी, आणि नातलग यांनी त्यातले जेवढे टिपून ठेवले तेवढेच उरले. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी ती वही आचार्य अत्रे यांस दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्या निरक्षर मातेचे नाव आहे. परंतु विचार करा: मुलाने कान दिला नसता आणि हात चालवला नसता तर तो खजिना जात्यातल्या पिठाबरोबरच संपला असता. सोपानदेवांनी जे केले, ते आमच्या मते परतफेडीचे पहिले कर्तव्य होय. आईचे बोलणे ‘आईचे बोलणे’ म्हणून नोंदणे, आणि तिच्या नावावर ठेवणे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोव्यात आहेत. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी देव उचलून नदीपार अंत्रुजात नेले. मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून प्रियोळास १५६० साली आले. या स्थलांतराचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. देवस्थानांचे महाजनपद परंपरेने पुरुषवंशातून चालत आले, आणि नोंदवहीत नावे त्यांचीच. परंतु त्या वाटेने बायकांनी काय नेले? खतखत्याची चव, धालो-फुगडीची गाणी, सासूच्या नकला, मुलास निजवण्याची रीत. ते उचलून नेण्यास पालखी लागली नाही म्हणून त्याची नोंद झाली नाही. मराठीतली आई आणि कोंकणीतली आवय या दोघींच्या तोंडी जे समान वाक्प्रचार आणि समान चेष्टा आढळतात, त्या याच नोंद न झालेल्या मालमत्तेच्या खुणा होत.

दुसरे कर्तव्य कागदाचे आहे, आणि ते टाळून पहिले पुरे होत नाही. जुन्या मिताक्षरा कायद्यात आईची स्थिती मोठी गमतीची होती. मुलांनी आपसांत वाटणी केली तर आईला मुलाइतका अंश मिळे. परंतु तिला स्वतः वाटणी मागता येत नसे. म्हणजे मुले गुण्यागोविंदाने नांदली तर आईच्या नावे काही नाही, आणि भांडली तर वाटा. हे आम्ही मातोश्रींस समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे तुमी भांडलास तर माका घर, नाय भांडलास तर माका सुख. फायदो माकाच.” १९३७ च्या कायद्याने विधवेस मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला, आणि मयत मुलाच्या मालमत्तेत आईस पहिल्या वर्गाची वारस ठरवले, तर बापास दुसऱ्या वर्गात ठेवले. ही गोष्ट सांगितली की अनेक बाप चकित होतात. परंतु याच कायद्यात निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर आधी सासरच्या वारसांचा हक्क आणि त्यानंतर तिला वाढवणाऱ्या आईबापांचा, अशी उतरंड आहे. तेथे आईचे हसू ओसरते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, मात्र तोवर विवाह झालेल्यांस वगळून. गुजरातेत तो २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने आला. एकाच लोहमार्गावर नंदुरबारच्या बाजूची लेक आणि चलथाणच्या बाजूची लेक यांच्यात अकरा वर्षांचे अंतर पडले. पुढे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीचा अर्थ मुलींच्या बाजूने स्वच्छ केला.

गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा, असा नियम चालत आला. तेथेही हक्क सोडून देण्याचे दस्त होतातच. परंतु निदान प्रारंभी तरी आवयला ठाऊक असते की अर्धे घर आपले आहे. अर्ध्या घराच्या मालकिणीचा विनोद आणि पाळीने फिरणाऱ्या बाईचा विनोद शब्दांत सारखे असू शकतील. परंतु पहिला ऐच्छिक असतो, आणि दुसऱ्यात ऐच्छिक किती व निरुपाय किती, हे तिच्याखेरीज कोणास सांगता येणार नाही. आईच्या हसण्याची खरी गोडी चाखावयाची असेल तर आधी तिचा वाटा तिच्या नावावर करा. मग ती जे हसेल ते निर्भेळ.

न्यायालयांनीही आईची किंमत ठरवण्याचा प्रयत्न केला आहे, कारण अपघाती मृत्यूच्या भरपाईत आकडा घालावाच लागतो. जमशेदपूर येथे १९८९ साली लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. पुढील निकालांनी ही दृष्टी अधिक उदार केली. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. हे आकडे आवश्यक आहेत. त्यांच्यावाचून भरपाई मिळत नाही. परंतु त्या २९९ मिनिटांत भात रटरटत असता मुलाच्या नापास होण्यावर केलेली जी एक चेष्टा, जिच्यामुळे मूल पुन्हा पुस्तकाकडे वळले, तिचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही, आणि नसावाही. जे मोजता येते ते मोजून द्यावे. जे मोजता येत नाही ते मोजता येत नाही म्हणून फुकटचे समजू नये.

तेव्हा व्यवहारात काय करावे? वकिलाने लेख लिहिला आणि सल्ला दिला नाही तर वाचक फी परत मागतील, म्हणून थोडक्यात सांगतो. आईने हसत कागदावर सही केली तर तो कागद त्या दिवशी पुढे नेऊ नये. आठ दिवसांनी, सुना-मुले बाजूला ठेवून, तिला समजेल अशा भाषेत पुन्हा विचारावे. ती देणारच म्हणत असेल तर, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या कायद्याचा आधार राहावा यासाठी, आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट मोडल्यास असे दान रद्द करून मागता येते. आई अट घालण्यास लाजेल. म्हणून ती मुलांनी घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्या विनोदात तुटक्या वस्तूचा उल्लेख आला तर आधी हसावे, आणि मग ती वस्तू बदलावी. हा क्रमही उलटू नये. न हसता वस्तू बदलणारा मुलगाही आईस अर्धाच कळलेला असतो.

मातोश्रींस आम्ही एकदा मृत्युपत्राविषयी विचारले. कागद घेऊन बसलो, आणि त्यांनी गंभीर मुद्रेने सांगण्यास प्रारंभ केला. वरवंटा थोरल्या सुनेस, कारण मिक्सर बिघडेल त्या दिवशी तिला सासू आठवावी. गुडघेदुखी धाकट्या मुलास, कारण आई, तुझे सर्व काही मला हवे असे तो लहानपणी म्हणत असे. चष्मा आम्हांस, कारण कायद्याची एवढी पुस्तके वाचूनही घरात काय चालले आहे ते आम्हांस दिसत नाही. आणि देव्हारा? देव्हारा घरात जो पहाटे सर्वांआधी उठेल त्यास. क्षणभर थांबून म्हणाल्या, “म्हंजे तो माझ्याकडेच रवतलो.” आम्ही हसता हसता विचारले, “आये, सावंतवाडीच्या घरातलो तुझो वाटो?” त्यांनी चष्मा पुसला आणि नेहमीचे उत्तर दिले, “माका कित्याक व्हया?” आम्ही लेखणी तशीच धरून बसलो. तेव्हा थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “परसातलो एक फणस माझ्या नावार रवांदे. माझ्या सासूबाईन लायलेलो.” तो वाटा, फणसासकट, आज त्यांच्या नावावर आहे.

रोजचा आनंद म्हणून ज्यास आपण म्हणतो तो निराळा कोठे असतो? सकाळी देवापुढे निरांजन लागते, चहाचे आधण ठेवले जाते, कोणाचा तरी मोजा सापडत नाही, आणि आई काहीतरी बोलते. घर हसते. हे हसू आपण लहानपणापासून उधार घेत आलो आहोत. त्याची फेड एका दिवसात, एका वाढदिवसाच्या भेटवस्तूत होणार नाही. ती रोजच्या रोज, थोडी थोडी करावी लागते: तिचे बोलणे कान देऊन ऐकण्यात, तिचा वाटा न मागता देण्यात, आणि आपल्या मुलांसमोर आपल्या अडचणींवर तिच्यासारखे हसून दाखवण्यात. त्या मुलांना पुढे कोणी विचारले की तुम्हांस वडिलार्जित काय मिळाले, तर त्यांनी घरजमीन सांगावी. आणि मातृअर्जित काय मिळाले असे विचारल्यास त्यांना नुसते हसू यावे. फक्त त्या हसण्यामागे आजीचा एखादा तुटका कप राहिलेला नसावा.